संगणकाच्या पडद्यामुळे शिणलेल्या डोळ्यांची काळजी

गुहागर किंवा मालवणात घरून संगणकावर काम करणाऱ्यांनी आधी बसण्याची जागा तपासावी. समुद्राकडे उघडणारी खिडकी समोर किंवा पाठीमागे न ठेवता बाजूला येईल असे टेबल लावावे, कारण दुपारी पाण्यावरून येणारी तिरीप पडद्याच्या प्रकाशात मिसळली की डोळे सतत बारीक करावे लागतात.

पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, अश्रूंचा थर सुकतो आणि चुरचुर सुरू होते. म्हणून उकाडा कितीही असला तरी टेबलफॅनचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये, आणि दर २० मिनिटांनी किमान २० फुटांवरच्या माडाच्या शेंड्याकडे २० सेकंद पाहावे. माझ्या मते सर्वांत उपयोगी सवय हीच आहे. पडदा हातभर अंतरावर, नजरेच्या किंचित खाली असावा.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने शीण कमी होतो, असे कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २०२३च्या आढाव्यात आढळले नाही. प्रकाश सोसवत नाही म्हणून घरातही काळा चष्मा लावल्यास संवेदनशीलता वाढू शकते.

त्रास काही आठवडे टिकला, तर कोरडेपणा, चष्म्याचा नंबर आणि अर्धशिशी यांची तपासणी नेत्रतज्ज्ञांकडून करून घ्यावी. डोळा लाल होऊन दुखू लागल्यास किंवा दृष्टी अचानक अंधुक झाल्यास त्याच दिवशी जावे.