दगड की काँक्रीट? सोलापूरच्या परिसरात तुकडा कसा ओळखावा

सोलापुरात काँक्रीटची खडी इथल्याच काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची असते. त्यामुळे तुकड्यात काळा दगड दिसला म्हणून काहीच ठरत नाही. चुंबकही निरुपयोगी. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे ताकदवान चुंबक दगडालाही चिकटू पाहतो आणि खडीलाही. पाहायचं ते दोन खड्यांच्या मधलं.

तुकडा ब्रशने धुऊन वाळवा, फडक्यात गुंडाळून हातोडीने फोडा (डोळ्यांवर चष्मा हवाच) आणि ताजी बाजू १० पटीच्या भिंगातून पाहा. काँक्रीटमध्ये टोकदार कडांची, बहुतेक २० मिमीपर्यंतची खडी दिसते, मधल्या राखाडी सिमेंटात वाळूचे कण सुटे ओळखता येतात, आणि खडी निसटली तिथे तिच्या मापाची खोबण राहते. सिमेंटमधले हवेचे बुडबुडे गोल आणि सहसा रिकामे. बेसाल्टमधल्या पोकळ्या बऱ्याचदा लांबट, झिओलाइट किंवा कॅल्साइट या पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या. एखादी बाजू सपाट, त्यावर काँक्रीट ओतायच्या साच्याच्या फळीच्या रेषा उमटलेल्या असतील तर पुढे काही तपासायला नको.

खरी फसगत होते ती भीमेच्या खोऱ्यात चुनखडीने सांधलेल्या नदीच्या गोट्यांच्या थराशी. व्हिनेगर टाकलं तर तोही फसफसतो, जुनं काँक्रीटही. गोटे गोल, लहानमोठे आणि मधे गारगोटी, अकीक असेल तर नैसर्गिक थराची शक्यता जास्त. पण नदीचे गोटे घालून केलेलं जुनं काँक्रीटही असू शकतं. अशा वेळी अल्कोहोलमधलं १ टक्का फिनॉल्फ्थॅलीन (अल्कली असेल तिथे गुलाबी होणारं रसायन) ताज्या फुटीवर टाका. सिमेंट लगेच गुलाबी होतं, चुनखडी होत नाही. बाहेरच्या सालीवर टाकू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तिथला अल्कलीपणा आधीच गेलेला असतो. लहान, जुना तुकडा आतपर्यंत असाच झालेला असेल तर रंग येणारच नाही. म्हणजे गुलाबी रंग हा पुरावा, पण रंग न येणं हा पुरावा नाही.

मग वजन करा. तुकडा रात्रभर भिजवा, वरवर पुसून वजन घ्या. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि तुकडा दोऱ्याने, तळाला न टेकवता, पूर्ण बुडवा. आलेल्या ग्रॅमने पहिल्या वजनाला भागा, म्हणजे घनता मिळते. काँक्रीट २.४ च्या आसपास येतं, घट्ट बेसाल्ट २.८ ते ३. सच्छिद्र बेसाल्ट मात्र २.४ च्याही खाली उतरतो, तेव्हा भिंगातून काय दिसलं तेच धरा.