ड्यूशेनच्या मुलाचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

रिपोर्टमध्ये आधी 'सीपीके'ची, म्हणजे स्नायूंतल्या क्रिएटिन कायनेज या विकराची (एन्झाइमची) ओळ शोधा. काही लॅब 'सीके टोटल' लिहितात. नॉर्मल मर्यादा 200च्या आसपास छापलेली असते आणि आपल्या मुलाचा आकडा दहा-वीस हजारांत. मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, माझ्या मुलाला ड्यूशेन, म्हणजे स्नायू झिजत जाण्याचा आनुवंशिक आजार आहे, म्हणून या आकड्यामागे काय घडतं ते सांगते.

स्नायूपेशीच्या पटलाला आधार देणारं डिस्ट्रोफिन हे प्रथिन नसल्यामुळे स्नायू ताणला-आकसला की पेशीपटलाला चिरा पडतात. सीके रक्तात झिरपतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. त्यानं कॅल्पेन नावाची विकरं जागी होतात आणि आतली प्रथिनं कापत सुटतात. खराब प्रथिनांवर युबिक्विटिनची खूण लागते, मग प्रोटिअझोम हे पेशीतलं कापणी-यंत्र त्यांचे तुकडे करतं. निकामी तंतुकणिकांसारखा (मायटोकॉन्ड्रिया) मोठा कचरा तो पचवणाऱ्या लयकारिकांकडे (लायसोसोम) जायला हवा, पण ड्यूशेनमध्ये तेच काम मंदावतं. म्हणून प्रोटीन पावडरचे डबे आणून ही झीज थांबत नाही. वरण, अंडं, दूध, उसळ वयाप्रमाणे द्या आणि वजनावर लक्ष ठेवा.

आता एसजीपीटी-एसजीओटी. ती वाढलेली दिसली की कुणीतरी 'लिव्हरला सूज' म्हणतंच आणि काविळीचं औषध सुरू होतं. ही दोन्ही विकरं स्नायूंतही असतात! डॉक्टरांना जीजीटी करायला सांगा; हे विकर लिव्हरमध्ये असतं, स्नायूंत जवळपास नसतं. ते नॉर्मल असेल, तर वाढ बहुधा स्नायूंतूनच आली आहे.

रक्त द्यायच्या आदल्या दिवशी दमछाक नको, सीके आणखी चढतं. जिना उतरताना मांडीचा स्नायू लांबत-लांबत भार पेलतो, तेव्हा चिरा जास्त पडतात. आमच्याकडे चढताना तो कठडा धरून स्वतः येतो, उतरताना मात्र मी उचलते. लघवी कोकाकोलासारखी काळपट झाली, तर लगेच दवाखाना गाठा.

वर्षं गेली की सीके उतरतं. त्यावर पेढे वाटू नका. गळायला स्नायूच कमी उरलेला असतो. सुधारणा चालण्यावरून, श्वासाच्या तपासणीवरून आणि टूडी इकोवरून (हृदयाची सोनोग्राफी) ठरवा.

प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट यांपैकी एखादं स्टेरॉइड चालू असेल, तर स्वतःच्या मनानं कधीही एकदम बंद करू नका. एरवी स्टेरॉइडनं स्नायू झिजतात हे खरं, पण ड्यूशेनमध्ये दाह कमी होऊन मुलं जास्त वर्षं चालतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

फाइलीच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवा: 'ड्यूशेन. भूल देताना सक्सिनिलकोलिन देऊ नये.' हे भूल देताना स्नायू सैल करायला वापरायचं औषध.