एक्झोरा लावायचाय? रोप सगळ्यात शेवटी आणा

पहिला पाऊस पडला की रोपवाटिकेत जायचं, लालभडक गुच्छांनी भरलेला एक्झोरा उचलायचा आणि घरी येऊन खड्डा खणायचा, असं बहुतेक जण करतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, हा क्रम उलटा करा. मे महिना तयारीला द्या, रोप जूनच्या मध्यावर आणा.

एक्झोरा म्हणजे बकोरा. काही ठिकाणी त्याला पेंटगूळ म्हणतात. दक्षिण भारत आणि श्रीलंका हे याचं माहेर, कूळ कॉफीचं. कोकणात जांभ्याच्या तांबड्या मातीत हे झुडूप फारशा देखभालीशिवाय बारा महिने हिरवंगार असतं. लहानपणी आम्ही याच्या फुलातला बारीक दोरा ओढायचो आणि टोकाला आलेला मधाचा थेंब चाटायचो. तेच झुडूप पुण्यात लावलं आणि वर्षभरात पिवळं पडलं. मी पाणी वाढवलं, खत वाढवलं. दोन्हीचा उपयोग झाला नाही. जांभ्याची माती आम्ल असते, देशावरची काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी होतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

म्हणून सगळ्यात आधी मातीची परीक्षा. चमचाभर कोरडी माती बशीत घ्या आणि वरून व्हिनेगर ओता. फसफसली तर चुना आहे. मातीत पांढरे खडे दिसत असतील तर परीक्षेचीही गरज नाही. सोसायटीच्या बागेत जरा खोल खणून बघा, कारण वर चांगली माती आणि खाली बांधकामाचा राडारोडा हे फार ठिकाणी असतं. त्यातलं सिमेंटही चुन्याचंच काम करतं. त्याच कारणाने गिलाव्याच्या भिंतीला खेटून जागा धरू नका, दोन फूट तरी सोडा. ऊन मात्र चार-पाच तास हवंच. सावलीत पानं छान येतात, गुच्छ येत नाहीत.

चुना नसेल तर दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन पंधरा दिवस उन्हात तापू द्या. चुना असेल तर खड्ड्याच्या फंदात पडू नका. गंधक घालून माती आम्ल करा असं सांगणारे भेटतील, पण चुनखडीच्या जमिनीत ते पुरं पडत नाही आणि आजूबाजूचा चुना पाण्याबरोबर पुन्हा येतोच. सरळ बारा-चौदा इंची कुंडी घ्या किंवा विटा रचून उंच वाफा करा. त्यात लाल माती, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समभाग, वर दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांत धुवा, त्यात क्षार असतात. राख, अंड्याची टरफलं आणि हाडांचा चुरा या झाडापासून लांब ठेवा. एरवी या चांगल्या वस्तू आहेत, पण इथे जो त्रास टाळायचा आहे तोच त्या वाढवतात.

कृषी सेवा केंद्रातून थोडं हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार (फेरस सल्फेट), आणून कोरड्या डब्यात ठेवा. पानं पिवळसर दिसू लागली की लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारायचं. द्रावण दर वेळी ताजं करा, आणि फरशीवर सांडू देऊ नका, तांबूस डाग जात नाही. लोह मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे मुळांना उचलता येईल अशा रूपात बांधलेलं लोह घ्या, पण पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून. ईडीटीए प्रकार चुनखडीच्या मातीत फारसा टिकत नाही. मावा आणि पिठ्या ढेकणासाठी कडुनिंबाचं तेल घरात असू द्या. मुंग्यांची रांग खोडावर चढताना दिसली की पानांच्या खालची बाजू तपासायची.

रोप निवडताना फुलं मोजू नका, सगळ्यात कोवळं पान बघा. ते एकसारखं हिरवं हवं. कुंपणासाठी बुटकी, बारीक पानांची जात दीड-दोन फुटांवर लावा, मोठ्या पानांच्या जातीला तीन फूट सोडा. पुण्या-मुंबईकडची पुष्कळ रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात आणि त्यांच्या मुळांभोवती लाल, चिकट मातीचा गोळा असतो. तो वाळला की दगडासारखा होतो आणि पाणी बाजूने निघून जातं. लावण्याआधी गोळा बादलीत भिजवून कडेची माती बोटांनी हलकेच सैल करा. मुळं तोडू नका.

पहिल्या वर्षी कात्री लावायची गरज नाही. पुढेही छाटणी बहर ओसरल्यावर आणि हलकी, कारण गुच्छ फांदीच्या शेंड्यालाच येतात. दर आठवड्याला कापून चौकोनी केलेलं कुंपण म्हणूनच फुलत नाही. डिसेंबरच्या थंडीत पानांवर तांबूस ठिपके आले तर घाबरू नका, फक्त पाणी कमी करा.

बोअरच्या पाण्याचं काय करायचं हेही आत्ताच ठरवून टाका, कारण त्यातला चुना वर्षभर मातीत साचत राहतो. गच्चीच्या पन्हळीखाली एक झाकणाचं पिंप ठेवा. पहिल्या पावसाचं पाणी गच्चीवरची धूळ घेऊन येतं, ते वाहून जाऊ द्या. दुसऱ्या सरीपासून भरायला लागा.