मोंढ्यातल्या पट्ट्यांवरून डेटा ॲनालिटिक्स

डेटा ॲनालिटिक्स म्हटलं की आमच्या औशाकडच्या पोरांना पुण्याची नोकरी आठवते. मी ते गटातल्या बायांना सोयाबीनच्या पट्ट्यांवर, म्हणजे मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) माल विकल्यावर मिळणाऱ्या पावत्यांवर, शिकवते. साठलेल्या नोंदींतून पुढचा निर्णय घ्यायला उपयोगी पडेल असं उत्तर काढायचं, हाच त्याचा अर्थ.

आधी प्रश्न लिहा, आणि नेमका लिहा: मळणी झाल्याबरोबर माल लातूरला न्यावा की गावातच द्यावा? मग कोणते रकाने लागतील ते कळतं: तारीख, कुठे विकला, क्विंटल, ओलावा, दर, भाडं, हमाली-तोलाई.

खरा वेळ जातो तो साफसफाईत, आणि तिथे घाई करू नका. एकीनं कट्टे (पोती) लिहिलेले असतात, दुसरीनं क्विंटल. कुणी 'लातूर', कुणी 'लातूर मोंढा'. गूगल शीटला ही दोन वेगळी गावं वाटतात. सगळं क्विंटलमध्ये आणा, नावं एकसारखी करा, रिकाम्या जागी शून्य भरू नका. ओलावा मोजलाच नसेल तर रकाना रिकामा ठेवा. शून्य भरलंत तर सरासरी बिघडते.

आता दर नव्हे, हातात पडलेले पैसे बघा. समजा मोंढ्यात क्विंटलला 4,500 रुपये मिळाले. भाडं 70 आणि हमाली-तोलाई 30 वजा जाता उरले 4,400. गावात जागेवर 4,420 मिळत असतील तर गावच बरं.

सरासरीलाही जपून. 4,200, 4,300, 4,320, 4,350 आणि बियाण्यासाठी उचललेला एक ढीग 5,100 असेल तर सरासरी येते 4,454. चढत्या क्रमानं लावून मधला आकडा घ्या, 4,320. आपल्या मालाचा अंदाज त्यावरून बांधा. ॲगमार्कनेट या बाजारभावाच्या सरकारी संकेतस्थळावरही कमाल दर सोडून सर्वसाधारण दर बघा, त्याच्या शेजारी 2025-26 चा हमीभाव 5,328 ठेवा.

दिवाळीच्या सुमारास दर पडलेला दिसला की सगळा दोष आवकेला देऊ नका. तेव्हा माल ओलाही असतो. पिव्हट टेबलात (शीटमधल्या नोंदींचे गट पाडून बेरीज-सरासरी दाखवणाऱ्या तक्त्यात) 12 टक्के ओलाव्यापर्यंतचा आणि त्यावरचा माल वेगळा करा, मगच महिने ताडून बघा. वाळवलेल्या मालाला महिनाभरानं किती जास्त मिळाले हे तिथे दिसतं.

पुढच्या दराचं भाकीत मात्र या शीटवर करू नका. 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्रानं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. सोयाबीनच्या दरावर परिणाम करू शकणारा असा निर्णय आपल्या कुठल्याच रकान्यात नसतो.