‘हॅमे’ या फिनिश प्रदेशाचे नाव मराठीत कसे हाताळावे

दक्षिण फिनलंडमधील हॅमे या ऐतिहासिक प्रदेशाविषयी लिहिण्यापूर्वी कोकणवासीयाने आपलाच अनुभव आठवावा: १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, तरी देवगडचा माणूस कोकणातलाच राहिला. म्हणून प्रशासकीय सीमा आणि जुना प्रदेश यांची गल्लत करू नये. हॅमे नावाचा प्रांत १९९७ मध्ये संपुष्टात आला. मात्र कांता-हॅमे व पैयात-हॅमे या आजच्या विभागांनी ते नाव जपले आहे, आणि पिर्कान्मा विभागातही जुन्या हॅमेचा काही भाग आहे.

जुन्या नकाशांवर स्वीडिश ‘तावास्तलांद’ किंवा लॅटिन ‘तावास्तिया’ दिसल्यास तो हाच प्रदेश समजावा. ‘लिन्ना’ म्हणजे किल्ला, त्यामुळे ‘हॅमेन्लिन्ना’ या शहराच्या नावात ‘हॅमेचा किल्ला’ असा अर्थ सरळ वाचता येतो.

खरी काळजी ‘हॅमॅलॅइनेन’ या शब्दाची घ्यावी. त्याचा अर्थ ‘हॅमेचा रहिवासी’ असा आहे आणि ते एक अतिशय प्रचलित आडनावही आहे. फिनिशमध्ये रहिवासी या अर्थी तो लहान आद्याक्षराने व आडनाव म्हणून मोठ्या आद्याक्षराने लिहितात. देवनागरीत हा भेद उरत नसल्याने मूळ मजकूर तपासून, रहिवाशासाठी ‘हॅमेवासी’ असेच लिहावे.