घरचा ग्रुप दुसऱ्या ॲपवर न्यायचा तर

आपल्याकडं एकाच घरातली माणसं दोन राज्यांत असतात. आईवडील बेळगावात, मावशी खानापूरला, आत्या चंदगडात, मुलगा पुण्यात. फोन तर दर घरी चार तऱ्हांचे. अशा घरानं एकाच कंपनीच्या फोनवर चालणारं ॲप धरलं, की कुणी ना कुणी बाहेर राहतंच.

ब्लॅकबेरी फोनचं निरोपांचं ॲप, बीबीएम, आठवा. २००५ साली आलं, तेव्हा फक्त ब्लॅकबेरीवालेच एकमेकांशी त्यावर बोलू शकत. आठ अक्षरा-आकड्यांचा पिन दिला की ओळख जुळायची. निरोप पोचला की ‘डी’, वाचला की ‘आर’ दिसायचं. फोनचा खप घसरल्यावर कंपनीनं ऑक्टोबर २०१३ मध्ये ते अँड्रॉइड आणि आयफोनला खुलं केलं. पहिल्या २४ तासांत एक कोटी डाउनलोड झाले! पण लोकांचे ग्रुप तोवर व्हॉट्सॲपवर जमले होते. ३१ मे २०१९ ला सर्वसामान्यांचं बीबीएम बंद पडलं. माझ्या मते चूक ॲपची नव्हती, दार फार उशिरा उघडलं.

म्हणून ग्रुप हलवताना आधी वहीत सगळ्यांचे फोन लिहून काढा: कुणाकडं अँड्रॉइड, कुणाकडं आयफोन, कुणाकडं अजून बटणांचा. बटणांचा फोन असलेल्या आजीला निरोप फोन करून कोण सांगणार, तेही त्याच वहीत ठरवा. हे काम सगळ्यांत महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं.

मग जुनी बोलणी वाचवा. व्हॉट्सॲपमध्ये ग्रुप उघडून मेनूतून ‘एक्सपोर्ट चॅट’ निवडा. जांबोटी-कणकुंबीकडं रेंज दगा देत असेल तर आधी फोटोंशिवाय मजकूर तेवढा मेलवर पाठवा. फोटो बाजारला शहरात आलात की करा. ही फाइल वाचायला मिळते, पण व्हॉट्सॲपमध्ये परत भरता येत नाही. टेलिग्रामवर जाणार असाल तर ती तिकडं आयात करता येते.

नवं ॲप आधी दोघांनीच आठवडाभर वापरा. त्यातला एक वयस्क असू दे. काकांना जमलं म्हणजे सगळ्यांना जमेल. त्यानंतरच ग्रुपची लिंक टाका. लिंक फक्त घरच्या माणसांना द्या, गल्लीच्या ग्रुपवर नको.

कुणी आयफोन सोडून अँड्रॉइड घेणार असेल, तर सिम काढण्याआधी सेटिंगमध्ये आयमेसेज, म्हणजे आयफोनची आपापसातली निरोपांची सोय, बंद करायला सांगा. नाहीतर आयफोनवाल्यांचे निरोप त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

जुना ग्रुप मात्र लगेच मोडू नका. महिनाभर तिथं नव्या लिंकचा निरोप वर पिन करून ठेवा, नव्या ग्रुपवर जो येईल त्याच्या नावापुढं वहीत खूण करा, आणि ज्या नावापुढं खूण नाही, त्यांना स्वतः फोन करा.