सांभाळणाऱ्याची एक रात्र आपल्याकडे घ्यायची तर

"काही लागलं तर सांग हं." दारातून निघताना सगळेच हे म्हणतात. आणि घरात शेवटच्या टप्प्यातलं आजारी माणूस सांभाळणारी बायको, सून किंवा मुलगा कधीच काही सांगत नाही. काय हवंय ते सुचायलासुद्धा झोप झालेली असावी लागते. म्हणून वार आणि वेळ ठरवूनच बोला: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री मी बसते. नऊला येईन, सकाळी सहानंतर निघेन." डोंबिवली-विरारहून येणाऱ्याने शेवटच्या लोकलच्या हिशेबात राहू नये, मुक्कामालाच यावं.

पहिली रात्र दोघींनी मिळून जागायची. तुम्ही औषध कसं देता, कूस कशी बदलता हे सांभाळणारीने एकदा डोळ्यांनी बघितलं नाही, तर पुढच्या खेपेस ती आडवी होईल पण कान तुमच्याकडेच ठेवील. एका खोलीचं घर असेल तर तिची झोपायची सोय शेजारी करा आणि ती तुम्हीच बोलून ठेवा. मध्यमवयीन सांभाळणाऱ्याला बहुधा स्वतःची बीपीची किंवा शुगरची गोळी असते. ती घेतली का, संपली का, हे थेट विचारा.

आल्यावर वही मागा. साधी दोनशे पानी वही पुरते: वेळ, औषध, किती, कूस कुठली, लघवी, शौच. तोंडी निरोपावर रात्र काढू नका. एकच गोळी दोनदा दिली जाते किंवा राहून जाते, ती याच गोंधळात.

दुखण्यासाठी मॉर्फिन चालू असेल तर ते घड्याळाप्रमाणे द्यायचं, कळ उठायची वाट बघायची नाही. साध्या गोळीचा असर साधारण चार तास राहतो, म्हणून सकाळी सहापासून सहा, दहा, दोन, सहा, दहा आणि मध्यरात्रीनंतर दोन अशा वेळा असतात. रात्री दहाला दुप्पट देऊन मध्यरात्रीनंतरची दोनची गोळी टाळायची पद्धत आहे, पण डॉक्टरांनी तसं लिहून दिलं असेल तरच. मध्येच कळ आली तर लिहून दिलेली जादा मात्रा द्या आणि वेळ टिपा. बारा तास असर राहणारी गोळी कधीही कुटून देऊ नका, सगळं औषध एकदम अंगात जातं. गुंगी आणि मळमळ बहुधा काही दिवसांत कमी होते, बद्धकोष्ठता मात्र जात नाही. म्हणून पोट साफ होण्याचं औषध रोज हवंच. तीन दिवस शौचाला झालं नसेल तर सकाळी नर्सला कळवा. "सवय लागेल" या भीतीने गोळी चुकवू नका. आणि हे औषध कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे मिळत नाही, तेव्हा पाच दिवसांच्या गोळ्या उरल्या की चिठ्ठी घेऊन रुग्णालयात जायचं काम कोणाचं, हे नावानिशी ठरवा.

कूस दर दोन तासांनी बदलायची. खाट भिंतीला लावलेली असेल तर रात्रीपुरती दीड फूट पुढे ओढा, दोन्ही बाजूंनी जाता आलं पाहिजे. जुनी सुती साडी चौपदरी करून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली कायमची घालून ठेवा. दोघं असाल तर साडीच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरा आणि एक-दोन-तीन म्हणून एकदमच उचलून सरकवा. एकटे असाल तर पलीकडचा गुडघा दुमडा, पलीकडचा हात छातीवर घ्या, आणि खांदा व कंबर धरून आपल्याकडे वळवा. काखेत हात घालून फरफटत ओढलं की माकडहाडावरची कातडी आतून फाटते आणि चार दिवसांनी तिथे जखम दिसते. पूर्ण कुशीवर न ठेवता पाठीमागे उशी देऊन थोडं कलतं ठेवा. एक उशी गुडघ्यांमध्ये, एक पोटरीखाली. टाचेखालून तुमचा तळहात मोकळा फिरला पाहिजे. लाल झालेली जागा चोळू नका.

एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, असेल तर तिच्यावर एकच पातळ चादर घाला. रबरी शीट, गोधडी आणि वर चादर असे थर चढले की त्या गादीचा उपयोग संपतो. पंपाची नळी खाटेच्या पायात दबलेली नाही ना, हे दर वेळी बघा.

तोंड कोरडं पडत असेल तर ओल्या मऊ कापसाने किंवा ब्रशने दोन-तीन तासांनी पुसून घ्या. जबरदस्तीने पाणी, ज्यूस, पेज भरवू नका. शेवटच्या दिवसांत भूक आपोआप मिटते, आणि गिळता न येणाऱ्याला भरवलं तर ते श्वासनलिकेत जातं. "उपाशी ठेवलंय का?" असं विचारणाऱ्या नातेवाइकांना हे समजावायचं काम तुम्ही घ्या. सांभाळणारीला ते रोज ऐकावं लागतं आणि ते फार लागतं.

तिला कधी उठवायचं ते झोपण्याआधी ठरवा. जादा मात्रा देऊनही तासाभरात कळ थांबली नाही, नव्याने धाप लागली, रक्त आलं, फिटचा झटका आला, हलवूनही जाग येत नाही आणि श्वास फार मंद झालाय, तर लगेच उठवायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा. घशात घरघर होत असेल तर आधी कुशीवर वळवून बघा. आणि हात-पाय गार पडले, श्वासात मोठे खंड पडू लागले तर उठवू का, हा प्रश्न हळूच पण स्पष्ट विचारा. बहुतेक जण हो म्हणतात.

त्या वेळी घाबरून १०८ ला फोन झाला की ज्याला घरीच राहायचं होतं तो माणूस आयसीयूत जातो. म्हणून कागद आधीच तयार हवेत. घरी मृत्यू झाला तर मृत्यूचं कारण लिहून देणारा डॉक्टर लागतो (फॉर्म ४ अ), त्याशिवाय स्मशानात अडतं. बरेच दिवस रुग्णाला न पाहिलेला डॉक्टर सही द्यायला कचरतो, म्हणून जवळच्या डॉक्टरांची अधूनमधून घरी फेरी ठेवा आणि रात्री फोन केला तर येतील का, हे आजच विचारा. आधारची झेरॉक्स आणि डिस्चार्ज कार्ड एका फोल्डरमध्ये ठेवा. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते.

घरी झेपेनासं झालं तर कॅन्सरच्या रुग्णांसाठी वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे, १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार चालू असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह मेडिसिन (दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या) विभागात घरभेटीबद्दल विचारा. सांभाळणारी स्वतःच खचत चालली असेल तर १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेची, मोफत हेल्पलाइन आहे.

तेराव्यानंतर भाड्याची खाट आणि पंप परत करायला, उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या रुग्णालयात नेऊन द्यायला तुम्हीच जा. आणि पुढचे काही मंगळवार ठरल्याप्रमाणे नऊलाच या. रात्री मध्येच जाग यायची तिला सवय लागलेली असते.